बाबांच्या रायफलीचे दोन पाय

४ फेब्रुवारी, रविवार

आज घरात बायपॉड आणला. खोका उघडताच आईने विचारलं, "हे काय? छत्रीच्या काड्या?"

मी समजावून सांगितलं. दोन घडीचे पाय आणि वर एक पकड. ती पकड रायफलीच्या पुढच्या लाकडाला खालून बसवायची. पाय उघडले की रायफल पुढून आपली आपण उभी राहते, तिचं वजन डाव्या हाताला पेलावं लागत नाही.

"घरात स्टुलाचा एक पाय कधीचा मोडलाय," आई म्हणाली, "आणि तू रायफलीला पाय आणलेस."

बाबांनी बायपॉड हातात घेतला, एक पाय उघडला, मिटला, स्प्रिंगचा आवाज ऐकला, पुन्हा उघडला. काच कापणारा माणूस. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवणार. मग म्हणाले, "म्हणजे कुबडी."

दीड वर्षापूर्वी दुकानात काचांची पेटी घसरली आणि त्यांचं डावं कोपर तिच्याखाली आलं. आत धातूची पट्टी बसवली आहे. "कोपरात लोखंड आहे, जोर नाही," असं ते भेटेल त्याला हसत सांगतात. काच अजूनही कापतात. पण पालथं पडून नेम धरायचा तर रायफलीचा सगळा भार त्या डाव्या कोपरावर येतो आणि दोन श्वासांत हात थरथरायला लागतो. त्याआधी कित्येक वर्षं ते नेमबाजी क्लबाच्या संघात होते. आता रविवारी सकाळी ते स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावतात. मग आई त्या पुन्हा आपल्या सोयीने लावते. दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत.

माझं पदवीचं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर आहे. त्याची काच म्हणजे अपघातानंतर बाबांनी कापलेली पहिली काच, एका कोपऱ्यात किंचित तिरपी गेलेली. आमच्या घरातली ही पहिली पदवी. संख्याशास्त्र शिकून स्वतःच्या बापासाठी एक गोष्ट सिद्ध करता येत नसेल, तर त्या चौकटीत कॅलेंडर लावलेलं बरं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर क्लबाच्या अध्यक्षांना भेटले. ते दंतवैद्य आहेत, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. दवाखान्यातच बोललो. मी रोग्याच्या खुर्चीत बसले होते, त्यामुळे तोंड उघडताना जरा संकोच वाटला.

सगळं आता नीट कळलं, ते लिहून ठेवते. नदीपलीकडच्या क्लबाशी आपल्या क्लबाचा दरवर्षी एक सामना होतो. प्रत्येक संघात चार जण पट्ट्यावर गोळ्या झाडतात. पट्टा म्हणजे रायफलीला जोडलेला चामडी पट्टा. तो डाव्या दंडाला आवळून बांधायचा आणि रायफल कोपरावर पेलायची. गेल्या वर्षापासून पाचवी जागा ठेवली आहे, ती आधारावर झाडणाऱ्याची. पलीकडच्यांनी ती भरली. आपल्या क्लबाने मात्र बायपॉडला अजून परवानगीच दिलेली नाही. बाबांनी संघ सोडल्यापासून चौथी जागाही रिकामी आहे, म्हणजे पाचांच्या सामन्यात आपले तीनच.

"कोणाला वाटतं बायपॉड म्हणजे लबाडी," डॉक्टर म्हणाले. "कोणाला वाटतं नुसतं ओझं. मला फायदे-तोटे लिहून द्या. दाढ भरायची की काढायची, एवढं कळलं पाहिजे. मार्चअखेर समितीची बैठक आहे."

रेंज सांभाळणारे वस्तादही तिथेच होते, हिरडीवर कापूस धरून. तशाच बोबड्या बोलांत म्हणाले, "मुलगीच लिहिणार? मग लिहायचं कशाला, निकाल आजच सांगा."

मी म्हटलं, "मी वजनमापे कार्यालयात आहे, वस्ताद. दिवसभर लोकांचे तराजू तपासते. तराजूला नातं नसतं."

त्यांनी कापूस काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत लावला.

मी हे मनापासून बोलले. बाबांना परवानगी मिळावी असं मला वाटतं, म्हणूनच मी दुप्पट काटेकोर राहायला हवं.

११ फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी. ठरलं असं होतं की बाबा पाच गोळ्या बायपॉडवर झाडतील, पाच पट्ट्यावर. बाबा सतरंजीवर पालथे पडले, दस्त्याला गाल लावला, नुसतंच लक्ष्याकडे बघत राहिले आणि उठले. "कोपर ठणकतंय. तू झाड."

"मी? मी कधी हातही लावलेला नाही."

"चाचणी बायपॉडची आहे ना? मग माणूस कोणी का असेना."

तर्काला धरून होतं. मी पडले. बायपॉडवर रायफल इतकी शांत उभी होती की मला फक्त गाल टेकून चाप ओढायचा होता. पाचही छिद्रं कागदावर, झुबका बशीएवढा. मग पट्टा बांधला. रायफल माझ्या श्वासाबरोबर वर-खाली व्हायला लागली, लक्ष्य पोहत असल्यासारखं. पाचांपैकी दोन कागदावर, बाकीच्यांचा पत्ता नाही. वस्ताद दुर्बिणीतून बघून म्हणाले, "पदवीधर बाई, मागच्या बांधाला मात्र चांगली मारलीत."

तोटेही दिसले. उघड्या काँक्रीटवर रबरी पाय झाडताना किंचित उडतात, सतरंजीवर कमी. एक पाय दुसऱ्यापेक्षा एक खाच जास्त उघडला की रायफल कलते आणि ते आपल्याला कळतही नाही. पाय उंच ठेवले तर छाती उचलावी लागते आणि मान भरून येते. पण पारडं कुठे झुकलंय ते लहान मुलालाही दिसेल.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवताना कुबडीवरून वाद झाला. मी म्हटलं, बाबा, बायपॉड फक्त वजन धरतो. श्वास तुमचाच, नजर तुमची, चाप ओढणारं बोटही तुमचंच. हिसका दिला तर गोळी बायपॉडवरूनही बाहेर जाते.

"तरी कुबडी ती कुबडी," बाबा म्हणाले. "बरोबरीच्या चार लोकांत मी एकटा टेकू लावून बसायचं."

आई शिवणकाम करते. ती मशीनवरून मानही वर न करता म्हणाली, "नाकावर चष्मा आहे तो? त्याला का नाही कुबडी म्हणत?"

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

१८ फेब्रुवारी, रविवार

बाबांचं कोपर आजही दुखत होतं. मीच झाडल्या. बायपॉडवर तसंच, बशीच्या आत. पट्ट्यावर चार कागदावर आल्या.

बाबा म्हणाले, पट्टा दोन भोकं घट्ट कर, नाहीतर चाचणी सैल होईल. बरोबर आहे, सैल पट्ट्याशी तुलना केली तर बायपॉडला फुकटचा फायदा मिळेल. तो अन्याय होतो. वस्तादांनीही येऊन माझं डावं कोपर रायफलीच्या अगदी खाली सरकवलं. "हाडावर पेलायची, मांसावर नाही. मांस थकतं," म्हणाले. "तुमच्या चाचणीसाठी सांगतोय हं. मला काय त्याचं."

दोघंही इतक्या निःपक्षपातीपणे मदत करतात याचं बरं वाटलं. मी बायपॉडवर असते तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही, दोघं चहा प्यायला जातात.

२५ फेब्रुवारी, रविवार

विचित्र आकडे. बायपॉडवरचा झुबका तोच आहे, पण पट्ट्यावरचा आता बायपॉडच्या जवळ यायला लागला आहे. पाचही कागदावर, तळहाताखाली झाकतील एवढे. हवा शांत होती म्हणून असेल. पुढच्या वेळी हवेची नोंद ठेवायला हवी.

वस्तादांनी पट्ट्यावरचा कागद मागून घेतला. गेल्या वेळचाही नेला होता. बायपॉडचे कागद मात्र त्यांना नको असतात. शेगडी पेटवायला नेत असतील, पण मग कुठलाही चालला असता.

१ मार्च, गुरुवार

आज डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. बाबा दुकानातून जेवायला आले होते. दार उघडंच होतं. ते लादीवर पालथे पडलेले, समोर झाडूच्या दांड्याला माझा बायपॉड सुतळीने बांधलेला, आणि गाल दांड्याला लावून ते विजेच्या बटणावर नेम धरत होते. डावा हात मागे घेऊन दांड्याच्या टोकाखाली, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला होता. पाठ अगदी स्थिर. इतके स्थिर बाबा मी दीड वर्षात पाहिले नव्हते.

माझी चाहूल लागताच म्हणाले, "कपाटाखाली झुरळ गेलं."

मी म्हटलं, "सापडलं?"

"बघतोय."

मी आत जाऊन पडले. उशीत तोंड खुपसून आधी हसले आणि मग जरा रडू आलं. माणसाला एखादी गोष्ट इतकी हवी असते आणि तो ती झाडूवर करून बघतो. मनात आलं, टिपण आत्ताच लिहून टाकावं, सगळे फायदे, तोटा एकही नाही. पण असं लिहिलं तर मी आणि काट्याखाली बोट लावणारा दुकानदार यांत फरक काय राहिला?

४ मार्च, रविवार

कोपर पुन्हा. मी जरा चिडलेच. घरी दुखत नाही, दुकानात दुखत नाही, नेमकं रेंजवर आल्यावर कसं दुखतं? लोकांसमोर नेम चुकायची भीती वाटत असावी. तसं विचारलं तर बाबा म्हणाले, "ती आहेच. पण आधी तुझी चाचणी पुरी होऊ दे."

आज पट्ट्यावरचा झुबका आणि बायपॉडवरचा झुबका एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. सारखे.

११ मार्च, रविवार

पट्ट्यावरचा लहान. मोजपट्टीने चारदा मोजला. हवा आज वाहती होती, म्हणजे हवेचं कारणही गेलं.

बायपॉडचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. पायांच्या खाचा समान. मला कारण सापडत नाही, पण कारण सापडत नाही म्हणून आकडा नाकारता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

डॉक्टर आज मुद्दाम रेंजवर आले होते. माझ्यामागे बराच वेळ उभे होते. मी विचारलं, बायपॉड बघायला आलात का? "हो, हो," म्हणाले, "बायपॉडच." बायपॉड तेव्हा पिशवीत होता.

१८ मार्च, रविवार

शेवटची चाचणी. पट्ट्यावरच्या पाच गोळ्यांचा झुबका शर्टाच्या मोठ्या बटणाखाली झाकला गेला. बायपॉडवरचा अजून बशीएवढाच.

घरी येताना बाबा शीळ घालत होते. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला धड बघवत नव्हतं. आकडे त्यांच्या विरुद्ध गेले आहेत आणि ते शीळ घालताहेत.

२० मार्च, मंगळवार

टिपण देऊन आले. शेवटचं वाक्य असं: "सुरुवातीला दिसलेला फायदा टिकत नाही. बायपॉडमुळे नेमात सुधारणा होते असं म्हणता येत नाही. वजन, कलणं आणि पाय उडणं हे तोटे मात्र कायम आहेत."

बाबांना आधी मीच सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. ते काचेच्या पट्ट्या कागदात गुंडाळत होते. हात थांबला. "असं लिहिलंस?"

"जे दिसलं तेच लिहिलं, बाबा."

"मग बरं केलंस," म्हणाले आणि राहिलेल्या पट्ट्या गुंडाळल्या. चेहरा असा की हसू येतंय की दुसरंच काही, ओळखता आलं नाही. मग हळूच म्हणाले, "दोष माझाच आहे म्हणा." कसला दोष, ते सांगितलं नाही.

आई मात्र कात्री खाली ठेवून उठली. "कुठल्या तराजूत बापाचं कोपर ठेवलंस गं? दुसऱ्या पारड्यात काय होतं?"

"आई, आकडे..."

"आकडे नको मला. रविवार आला की हा माणूस बरण्यांशी खेळतो, ते दिसत नाही तुझ्या आकड्यांत?"

२१ मार्च, बुधवार

ऑफिसात एका दुकानाचा काटा नापास केला. दुकानदार म्हणाला, बाई, तुमच्याकडचं वजनच हलकं नसेल कशावरून? सगळे हसले. मलाही हसायला हवं होतं, पण दिवसभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

२५ मार्च, रविवार

आज जे झालं ते सावकाश लिहिते.

आई सकाळी तयार होऊन दारात उभी राहिली. "मला दाखवा काय आहे ते. माझ्या नवऱ्याचा निकाल लागलाय, मला एकदा हात लावून बघू दे." आजवर ती कधी रेंजवर आली नव्हती. बाबा इतके गडबडले की दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून निघाले.

आधी तिला पट्टा बांधला. बाबा शेजारी बसून सगळं सांगत होते. आई म्हणाली, "कानाशी कुजबुजू नका, लोक बघतायत." पाच गोळ्या झाडल्या. कागद कोरा. वस्तादांनी दुर्बीण फिरवून फिरवून शोधलं. एक छिद्र शेजारच्या फळीवर सापडलं.

"हे लटपटतंय," आई म्हणाली. "धावत्या गाडीत बसून टाका घालायचा का मी?"

मग बायपॉड लावला. बाबा म्हणाले, "सुईत दोरा ओवताना श्वास धरतेस ना, तसा धर." तिने पाच गोळ्या झाडल्या. पाचही कागदावर. झुबका बशीएवढा.

आई उठून बसली, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि मला म्हणाली, "आता सांग. फरक नाही म्हणतेस, मग हे काय आहे?"

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. बशीएवढा. पट्ट्यावर कोरा, बायपॉडवर बशीएवढा. हे मी आधी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी माझंही जवळजवळ हेच झालं होतं. मग बदललं काय? रायफल तीच. बायपॉड तोच, स्क्रू घट्ट. पट्टाही तोच. बदलत गेलेली वस्तू त्या सतरंजीवर एकच होती आणि तिची नोंद मी कुठेच ठेवली नव्हती.

मी बायपॉड तपासतच नव्हते. दर रविवारी थोडी जास्त शिकलेली मी, तीच मापाला वापरत होते. आणि बाबा नि वस्ताद मला शिकवत होते तेही फक्त पट्ट्यावर. वजन स्वतःच वाढत असेल तर काट्याला नावं ठेवून काय उपयोग?

मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"मला एवढंच माहीत होतं की तू बरी झाडतेस," बाबा म्हणाले. "त्याचं तू असं काही लिहिशील हे कुठे माहीत होतं? कोपर दुखत होतं म्हणून तुला बसवलं."

वस्ताद खोकायला लागले. खूप वेळ खोकत होते. धुळीने असेल.

परतताना आई म्हणाली, "रविवारी सकाळी हेच करत होतात होय? मला वाटायचं नुसता धडामधुडूम. आधी सांगायचं ना." आणि मग, घराचं दार उघडताना, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

२८ मार्च, बुधवार

समितीची बैठक. मी उभी राहून सांगितलं की माझं टिपण चुकीचं आहे, ते परत घ्यावं. कारण वाचून दाखवलं. नवीन टिपणात लिहिलं आहे: ज्याचा हात रायफल पेलू शकत नाही, त्याला बायपॉडचा फायदा पहिल्या गोळीपासून मिळतो. ज्याचा हात पेलतो आणि जो शिकत जातो, त्याला बायपॉडची गरज राहत नाही. म्हणून ही लबाडीही नाही आणि नुसतं ओझंही नाही. कलणं टाळण्यासाठी पायांच्या खाचा दर वेळी तपासाव्यात आणि खाली सतरंजी असावी.

एकजण म्हणाला, "वीस तारखेला एक, अठ्ठावीसला दुसरं. पुढच्या आठवड्यात तिसरं येणार का?"

मी म्हटलं, "चूक सापडली तर येईल."

डॉक्टर हसले. "दाढ भरायची," म्हणाले आणि हात वर केला. मग बाकीचेही वर गेले. परवानगी मिळाली. बाबा पाचव्या जागेवर.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात वस्तादांनी खिशातून घड्या घातलेले कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. सगळे माझे, सगळे पट्ट्यावरचे, पहिल्या रविवारपासून शेवटच्या रविवारपर्यंत. शेगडीत गेले नव्हते. माझी चूक सिद्ध करायला जपून ठेवले असावेत. मी म्हटलं, "हो वस्ताद, हेच मी आत्ता सांगितलं. यातून माझी चूक स्पष्ट दिसते."

"चूक," वस्ताद म्हणाले. "हं."

डॉक्टर म्हणाले, "पाचवी जागा भरली. चौथी अजून रिकामी आहे. सामना पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी."

मला काळजी वाटली. एवढ्या थोड्या वेळात माणूस कुठून मिळणार? मी म्हटलं, "मी नोटीस लिहून देऊ का? नवीन नेमबाज हवा आहे, अशी. ऑफिसजवळच्या फलकावर लावता येईल."

सगळी समिती हसायला लागली. वस्तादांनी तर टोपीने तोंड झाकलं. मला कळेना. मी मागे बसलेल्या बाबांकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"ती माझी जागा होती," बाबा म्हणाले. "घेशील का?"

१ एप्रिल, रविवार

आजचा सराव. बाबांचं कोपर अजिबात दुखलं नाही. ऊन वाढलंय त्यामुळे असेल. थंडीत जुनी हाडं धरतात म्हणे.

बायपॉडवर त्यांची पहिलीच गोळी मधोमध गेली. नंतरच्या दोन जरा सरकल्या, डावा हात आता मागे ठेवायचा याची त्यांच्या अंगाला अजून सवय नाही. स्वतःवरच चिडले. आई मागून म्हणाली, "चिडू नका, श्वास धरा. सुईत दोरा." वस्ताद म्हणाले, "वहिनी, माझी नोकरी घालवणार तुम्ही."

मला भीती वाटते आहे. बाबांची जागा म्हणजे काही रिकामी खुर्ची नाही. तिथे चुकले तर माझ्या एकटीचं चुकणार नाही. आज पट्ट्यावरचा झुबकाही पसरला. बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "छान. आता घाबरलीस. याचा अर्थ झाडायला लागलीस."

५ एप्रिल, गुरुवार

घरात स्टुलाला नवीन पाय बसला. बाबांनी बसवला. आईने जमिनीवर टेकवून बघितला आणि म्हणाली, "एक खाच कमी पडली." मग दोघं तो सरळ करत बसले.

८ एप्रिल, रविवार

सामना. नदीपलीकडची रेंज आमच्यापेक्षा मोठी. त्यांच्या पाचव्या जागेवर एक शाळामास्तरीण बाई होत्या, हाताला कंप असलेल्या. त्यांनी बाबांच्या बायपॉडकडे बघून विचारलं, "तुमचे पाय सतरंजीत रुततात का हो?" आणि मग दोघं पाय, खाचा, रबर यांवर असे बोलत बसले की डॉक्टरांना दोनदा हाक मारावी लागली. कुबडी हा शब्द बाबांनी एकदाही काढला नाही.

मी चौथ्या जागेवर, बाबा माझ्या डावीकडे पाचव्या. दोघांमध्ये एक सतरंजीभर अंतर. पहिली गोळी माझी बाहेरच्या वर्तुळात गेली. डोळ्यांसमोर क्षणभर सगळं पांढरं झालं. शेजारून बायपॉडची स्प्रिंग हलकेच वाजली, बाबांनी पाय सरळ केला, बोल्ट मागे-पुढे करून नवी गोळी चढवली, झाडली. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी अर्धा श्वास सोडला आणि थांबले. दुसरी आत गेली. तिसरीही. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, एवढंच आठवतं की रायफल हाडावर होती.

आम्ही हरलो, अगदी थोड्याने. गेल्या वर्षी तिघांनी झाडून किती हरलो होतो ते डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा "थोड्याने" हा शब्द मला फार आवडला. बाबांच्या गुणांची बेरीज आमच्या पाचांत दुसरी. आई तिथल्या लोकांना सांगत होती, "कोपरात लोखंड आहे त्यांच्या." अगदी मिरवून.

टिपणात एक फायदा लिहायचा राहून गेला, तो इथे लिहिते. पट्ट्यावर झाडणाऱ्याची रायफल गोळ्या संपल्या तरी दंडाला बांधलेलीच असते. बायपॉडवरची रायफल बोल्ट उघडून सोडून दिली की आपली आपण उभी राहते आणि झाडणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे होतात. बाबांच्या गोळ्या माझ्या आधी संपल्या होत्या. माझी शेवटची गोळी गेली तेव्हा डावीकडून कसलासा आवाज आला. कुठलीतरी फळी पडली असं मला वाटलं. मान वळवून बघितलं तर बाबा पालथे पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होते. डावं कोपर जमिनीला टेकलेलं, त्यामुळे उजवाच हात येऊन डाव्यावर पडत होता.

"ओ," मागून वस्ताद म्हणाले, "रेंजवर टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"माहीत आहे," बाबा म्हणाले आणि आणखी थोड्या वाजवल्या.